मळ्या असलेलं पाणी

माझे नाना आज सकाळी गेले.

पाणी मागितलं, एक घोट घेतला. दुसरा राहिला.

नाना म्हणजे आईचे वडील. दुबईतल्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये मी त्यांच्याजवळ वाढले. भावनांबद्दल लिहिणं मला जमत नाही. म्हणून एका माशाबद्दल लिहिते.

साठच्या दशकात नाना इथे आले तेव्हा यूएई हे नावही नव्हतं. लाँचवाल्याने सगळ्यांना खोरफक्कानच्या बाजूला, किनाऱ्याच्या अलीकडेच छातीभर पाण्यात उतरवलं. वर सांगितलं, "डोंगर ओलांडा, पलीकडे दुबई."

पलीकडे आणखी डोंगर होते.

सोबत गावचाच मित्र, हसन. आमचे हसनचाचा. बरोबरचं पाणी संपलं. ऊन उतरेना. शेवटी एका खडकाच्या सावलीत त्यांना डबकं दिसलं. स्थिर, नितळ. तळाचे खडे दिसत होते.

हसनचाचा गुडघ्यांवर बसले. नानांनी त्यांची कॉलर धरून मागे ओढलं.

"थांब. मळ्या नाय यात."

"मळ्या गेला खड्ड्यात! मी मरतंय हितं."

"मर. पण हे पिऊन नको."

मळ्या हा आमच्या रत्नागिरीकडच्या पऱ्यातला, म्हणजे ओढ्यातला मासा. बोटाएवढा. तोंड खालच्या बाजूला. वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो आणि त्यावरचं शेवाळ खरवडतो. रानात पाणी प्यायचं तर मळ्या असलेलं, एवढं नानांना घरच्यांनी लहानपणीच सांगून ठेवलं होतं.

दोघं भांडत भांडत वादीतून, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीपात्रातून, वर चढले. हसनचाचा वाटेत दोनदा खाली बसले. नानांनी दोन्ही वेळा शिव्या घालून उठवलं.

वर एका ठिकाणी दगडांमधून पाणी वाहत होतं. काचेसारखं. आणि दगडांना चिकटलेले करडे मासे, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे.

नाना म्हणाले, "हसन्या, बघ. मळ्या आपल्या आधी पोचलाय."

मग दोघं पालथे पडून प्यायले.

मी पाण्याची इंजिनिअर आहे. रास अल खोरला आमची लॅब आहे. नोकरी लागल्यावर एकदा मी नानांना नीट समजावलं होतं.

"नाना, तो मळ्या नव्हता. त्याचा नातेवाईक म्हणा, पण स्पीशीज वेगळी. आणि मासा आहे म्हणजे पाण्यात ऑक्सिजन आहे, पाणी सहसा आटत नाही. बॅक्टेरियाचं तो काहीच सांगत नाही. तुम्ही नशिबाने वाचलात."

"आणि त्या डबक्यातलं?"

"टेस्ट केल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मग हसन्याला रिपोर्ट येईपर्यंत बसवून ठेवायचा होता गो?"

सोफ्यावरून हसनचाचा म्हणाले, "ह्याने मला वाचवला नाय. तहानेने मारत होता. जन्मभर उपकार ऐकतंय. खलास कर आता, चाय मागव."

गेल्या हिवाळ्यात मी नानांना गाडीने वादीत नेलं. तीच वादी होती का, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. पाणी कमी होतं, पण वाहत होतं. त्यांनी पँट दुमडून पाय सोडले. मासे टाचांपाशी जमले.

मी म्हटलं, "मेलेली कातडी खातात ते."

"खाऊ दे. मी त्यांचं पाणी प्यायलोय."

आज दुपारी दफन करून पुरुष घरी परतले. हसनचाचा नानांच्या खुर्चीशेजारी बसले. सकाळपासून त्यांनी काही घेतलं नव्हतं, आणि या वयात ते बरं नाही. मामाने सांगून झालं, आईने सांगून झालं. ग्लास पुढे केला की ते तोंड फिरवायचे.

मग मी ग्लास घेऊन गेले.

त्यांनी तो हातात घेतला. बराच वेळ आत बघत राहिले.

"मळ्या हाय का यात?"

फिल्टरचं पाणी होतं. मीच भरलं होतं.

मी म्हटलं, "हाय, चाचा."

ते प्यायले.

सावकाश जा, नाना. वाटेत पाणी आहे.

खुदा हाफिज.