पाहिलं असेल त्यानं उभं राहावं

महागावजवळच्या एका तांड्यावर २००६च्या होळीआधी नसाब बसली. नसाब म्हणजे बंजाऱ्यांची पंचायत. भिवंडीला आणि वीटभट्ट्यांवर गेलेली माणसं होळीला परततात, म्हणून निवाडे तेव्हाच होतात. या वेळी विषय एकच होता: उज्ज्वला राठोडला तांड्यावर राहू द्यायचं की नाही. उज्ज्वला आईजवळ, धुरपताबाईजवळ, लिंबाखाली बसली होती. नसाब नाही म्हणाली तर तिला होळी पेटायच्या आत निघावं लागणार होतं, आणि जायला दुसरी जागा उरली नव्हती.

ती काय काम करायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी ती भावासोबत मुंबईला बांधकामावर गेली आणि तिथून एका डाकूपटात गर्दीत उभी राहायला. दिग्दर्शकाला खडकांवरून अनवाणी धावणारी बाई हवी होती. शहरातल्या मुली चार पावलांत बसकण मारत. उज्ज्वला धावली. पुढच्या सिनेमात तिला धबधब्याखाली उभं केलं, त्याच्या पुढच्यात पलंगावर. सगळे प्रौढांसाठीचे, सकाळच्या खेळाचे सिनेमे. अंगावर काय राहील आणि काय नाही हे ती आधी ठरवून घेई, आणि कॅमेरा ठरल्याबाहेर गेला की उठून चालू लागे. त्यापायी तिला काढूनही टाकलं. पण पोस्टरवर ‘मोना’ या नावानं ती असली की खेळ भरत होता, त्यामुळे काढणारेच परत बोलावत. लवकरच हिरोचं नाव तिच्या नावाखाली बारीक अक्षरांत येऊ लागलं. अमरावतीच्या एका टॉकीजवाल्यानं तिला बग्गीतून आणलं, तेव्हा रस्त्यात उभं राहायला जागा नव्हती. तिला ते आवडलं, आणि ती ते आजही नाकारत नाही. “दिवसभर वाकून कापूस वेचला तवा कोनं मान वर करून पायलं नाई मले,” ती म्हणते.

मग सीडी आल्या. सकाळचे खेळ बसले, टॉकीजची मंगल कार्यालयं झाली. तिशी ओलांडल्यावर तिला अड्डेवालीच्या भूमिका मिळू लागल्या, नंतर त्याही नाहीत. तिनं काम सोडलं नाही; बोलावणं थांबलं, तेव्हा ती ट्रंक उचलून घरी आली.

नसाबीत चुलतभाऊ देवीलाल पहिला उठला. “इनं तांड्याचं नाक कापलं. आता पोरींचे लग्न कसे जमतीन? नायक, कायले लांबवता?”

तांड्याचे प्रमुख रामधन नायक म्हातारे, पण रिवाजाला पक्के. या तांड्यात ऐकीव गोष्टीवर निवाडा होत नाही. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं उभं राहून शपथ घ्यायची आणि पाहिलं ते सांगायचं.

“सिनेमा कोनं पायला? उभे राहा.”

पलीकडे ओसरीवर तांड्याच्या बाया बसल्या होत्या. कोणी उठेना.

“देवीलाल, तू पायला?”

“मी कायले पाहू? लोक सांगतेत.”

“कोन लोक?”

देवीलालनं मागं पाहिलं. मागच्यांनी जमिनीकडे पाहिलं.

“बाबूसिंग, तू?”

“माहे डोये कमजोर हायेत, नायक.”

ओसरीवर कोणीतरी फिसकन हसलं. उज्ज्वला स्वतःच सगळं सांगायला उठणार, तोच धुरपताबाई उभी राहिली.

“मी पायला.”

उज्ज्वलाला हे माहीत नव्हतं. “याडी,” ती आईला म्हणाली, “तू कधी सांगतलं नाई.”

“तूबी कुठं सांगतलं?” म्हातारी नायकाकडे वळली. “पुसदच्या टॉकीजात पायला. तिकीट काढून. मांगच्या रांगेत बसली होती, तोंडावर पदर घेऊन.”

“काय पायलं?”

“पोरगी पायली. चार वर्सं झाल्ती, दिसली नव्हती. पान्याखाली आंगोळ करत होती. ल्हानपनी मीच तिले आंगोळ घातली, मले त्यात नवं काय? आंगानं भरली होती. खाऊनपिऊन हाये, येवढं समजलं, मंग उठून आली.” तिनं बसलेल्या पुरुषांवरून नजर फिरवली. “अन् नायक, पुढच्या रांगाइत आपल्या तांड्याचं कोन कोन होतं, थेबी डोयानं पायलं. शपथ घेऊन सांगू?”

“काकी, बस न आता,” देवीलाल म्हणाला.

ओसरीवरून त्याची बायको कौसल्या बोलली, “सांगू द्या न. मले आयकाचं हाये.”

नायकानं हात वर केला. “इचारलं तेवढंच सांगाचं, धुरपता. साक्ष एकच झाली, अन् तिची तक्रार नाई. उज्ज्वला इथंच राहील.”

बंजाऱ्यांची होळी पहाटे पेटते. दुसऱ्या दिवशी बाया खांबाशी बांधलेल्या पुऱ्यांच्या हंड्याची राखण करतात, पुरुष तो पळवायला येतात आणि बायांच्या काठ्या मुकाट सोसतात. राखणीला फक्त तांड्याचीच बाई उभी राहू शकते. कौसल्यानं आपली काठी उज्ज्वलाच्या हातात दिली. देवीलाल पोट दुखतं म्हणून घरात निजला होता. कौसल्या आत गेली आणि त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

“घ्या, वन्स,” ती म्हणाली. “यायले सगळ्यात आदी.”

उज्ज्वलानं नेम धरून मारलं.