बाभळीचा ब्रेक

सुट्टी लागली की मी आणि शाळेतले उर्दूचे मास्तर सायकलींना वाकळा बांधून वाशीहून निघायचो, डोंगर फिरत चार-चार दिवस. एकदा येडशीजवळच्या उताराच्या तोंडाशीच माझे ब्रेक लागेनात. मी बाभळीची फांदी तोडून कॅरिअरला बांधली आणि ती फरफटत, स्वतःच्या अकलेवर खूश होत, खाली पोचलो. मास्तर माझ्या मागं होते. सांडलेल्या काट्यांनी त्यांची दोन्ही चाकं पंक्चर झाली.

"लई शाणे तुमी! कडूलिंबाची फांदी न्हाय मिळाली व्हय?"

संध्याकाळपर्यंत दोघं काटे उपसत बसलो. आपली भाकरी मात्र त्यांनी मला निम्मी दिली.

पुढच्या सुट्टीत उतार येताच मास्तर पुढं झाले. त्यांचे ब्रेक उत्तम होते. तरी त्यांनी फांदी बांधली. बाभळीचीच.