केसांचं गाऱ्हाणं

माझ्या डोक्यावर दुसऱ्यांदा केस आले, ते एकूण सात महिने टिकले.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. सव्विसाव्या वर्षीच मला टक्कल पडलं होतं. बोटीवर नोकरी करणाऱ्या चुलतभावाने परदेशातून औषधाच्या सहा बाटल्या आणून दिल्या आणि चौथ्या महिन्यात खरोखरच केस उगवले. आनंदाने रत्नागिरीतल्या डॉक्टरांना डोकं दाखवायला गेलो. ते म्हणाले, "लावाल तोवर केस. थांबलात की तीन-चार महिन्यांत होतं तस्संच."

त्या दिवशी जो घाबरलो तो घाबरलोच. भाऊ वर्षभर परतणार नव्हता आणि केळशीच्या मुलीने नुकतंच मला पसंत केलं होतं (म्हणजे केसांसकट). मी एसटीत खिडकीशी बसणं सोडलं. भाट्याच्या किनाऱ्यावर वारा असतो म्हणून तिकडे फिरकेनासा झालो. सकाळी उशी तपासल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नसे. शेवटची बाटली थेंबाथेंबाने पुरवत होतो. हे फक्त आईला ठाऊक होतं.

अशात मुलीचे वडील आमच्या गावी आले. लग्न पक्कं करण्याआधी ग्रामदेवाचा कौल घ्यायची आमच्याकडे रीत. देवळात तीसेक माणसं जमली. गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला आणि आई त्याच्या कानाशी लागली.

"बा देवा म्हाराजा," गुरवाने खणखणीत सुरुवात केली, "ह्या तुज्या लेकराचा लगीन ठरतंय..."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात.

"त्याच्या डोक्यावर जे केस दिसतात, ते औषदाचे हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"औषद आता सरत आलाय..."

"व्हय म्हाराजा!"

मी आईचा पदर ओढला. "देवापासून काय लपवायचं?" ती पुटपुटली. (देवापासून कोण लपवत होतं?)

"तर लगीन होईपर्यंत ते केस जाग्यावर ऱ्हाऊ देत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज मुलीच्या वडिलांचा. सवयीने तोंडून निघून गेला असावा. मग ते वळले आणि माझ्या डोक्याकडे बघतच राहिले. लग्न मोडलं, मी मनात म्हटलं.

इतक्यात देवावर लावलेलं उजवीकडचं फूल पडलं. उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार.

मुलीच्या वडिलांनी देवाला हात जोडले. मग आईला म्हणाले, "देवाच्या पुढं आपण कोण? फक्त तारीख जरा जवळची धरूया."

दोन महिन्यांत लग्न लागलं. अक्षता पडेपर्यंत एक केस हलला नाही. देव शब्दाला जागला, अगदी अक्षरशः. कारण पंधरवड्याने उशी काळी दिसू लागली.

बायको आईला म्हणाली, "निदान दिवाळसणापर्यंत तरी मागायचे होते."

वर्षाने भाऊ नव्या बाटल्या घेऊन आला. बायकोनेच त्या परत केल्या. म्हणाली, "पुन्हा ती भीती नको."

हल्ली एसटीत मी खिडकीशीच बसतो. उडण्यासारखं आता काही उरलेलं नाही.