बाईंना विकलेली वांगी रंगाची साडी

मी साडी नेसतो, हे आधीच सांगून टाकतो. रोज दहा-पंधरा वेळा, भर दुकानात, शर्ट-पँटवरून. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याजवळ आमच्या शेठचं साड्यांचं दुकान आहे, आणि तिथल्या गादीवर मी सत्तावीस वर्षं काढली आहेत. गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की मी उठतो, झपाझप निऱ्या घालतो, पदर खांद्यावर टाकतो आणि मिशीसकट अशी गिरकी घेतो की सासू आणि सून एकाच वेळी हसतात. हसलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने जात नाही.

माझ्या थट्टेखोर जिभेला खरी जोड मिळाली ती एका शाळेतल्या बाईंची. दर दिवाळीआधी त्या एकट्या यायच्या, गादीच्या कडेला टेकायच्या आणि एक सुती साडी घ्यायच्या. बाकीच्या बायका साडी दारापर्यंत नेऊन उन्हात धरतात, कारण आमच्या ट्यूबलाइटखाली कुठलाही रंग देखणा दिसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बाई कधी उठल्या नाहीत. तू म्हणतोस ना चांगली, मग बांध, एवढंच म्हणायच्या. मग चहा यायचा आणि आम्ही अर्धा तास सगळ्यांची टिंगल करायचो. त्यांचे हेडमास्तर, माझा शेठ, माझी मिशी. मिशी कुठल्याच साडीला मॅचिंग नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

निवृत्तीच्या वर्षी त्या निरोप समारंभासाठी साडी घ्यायला आल्या. त्याच आठवड्यात शेठने मला कपाटाच्या तळाशी पडून राहिलेला सिल्कचा गठ्ठा दाखवला होता आणि काहीही करून खपव म्हणाला होता. माल दिसायला झकास, पण रंग कच्चा. हे मला माहीत होतं. आणखीही एक गोष्ट माहीत होती. लहानपणी बाईंच्या मोठ्या बहिणीला वांगी रंगाची रेशमी साडी मिळाली होती, आणि यांना सांगितलं गेलं होतं की तू अजून लहान आहेस. पुढे यांची पाळी आलीच नाही. हे त्यांनी मला एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं.

गठ्ठ्यात वांगी रंगाची एक साडी होती. मी ती नेसलो. आयुष्यात इतकी सुंदर नेसलो नसेन. मग त्यांच्यासमोर बसलो आणि हळूच म्हणालो, "बाई, ताईला मिळाली होती ना, तीच ही. आता तुमची पाळी."

त्यांचे डोळे भरून आले. साडी बांधताना, खोटं कशाला बोलू, मला भारी मजा वाटली होती.

समारंभाचं मला त्यांच्याच शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेकडून कळलं. साडी मी विकली हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने हसत हसत सगळं सांगितलं. हॉलमध्ये उकडत होतं. घामाने रंग सुटला. ब्लाउज, दंड, तळवे, सगळं जांभळं. मुलं पाया पडायला रांगेत उभी, आणि बाई दोन्ही हात पाठीमागे लपवून नुसत्या मान हलवत होत्या. हे ऐकताना मी तिच्यासाठी एक साडी नेसत होतो. ती अर्ध्यातच सोडली.

मला वाटलं, बाई भांडायला येतील. त्या तेव्हा आल्या नाहीत, पुढच्या दिवाळीआधी आल्या. कडेला टेकल्या. मी त्यांच्यासाठी एक सुती साडी काढली, खरोखर चांगली. त्या उठल्या, साडी दारापर्यंत घेऊन गेल्या, उन्हात उलटून पाहिली, काठ चिमटीत धरून चोळला. तक्रारीचा एक शब्द नाही.

मला राहवेना. मी सांगून टाकलं, की त्या साडीचा रंग जाणार हे मला माहीत होतं, ही मात्र खरंच चांगली आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. सोपं गणित चुकवलेल्या मुलाकडे बघतात तसं.

"खरं बोलतोयस ते दिसतंय रे," त्या म्हणाल्या. "पण तेही विकायलाच बोलतोयस का, ते आता मला कळत नाही."

त्या क्षणी ते मलाही कळत नव्हतं. त्यांनी साडीची नीट घडी घातली, ती गादीवर ठेवली, बरं येते म्हणाल्या आणि गेल्या. चहा तसाच राहिला.

नंतर कळलं, त्या बोरिवलीला मुलीकडे राहायला गेल्या. पत्ता कुणाकडे मागायचा आणि कुठल्या तोंडाने, हे ठरवण्यात वर्षं गेली. मी अजून नेसतो, गिरकी घेतो, सासवांना हसवतो. त्यात काही पाप आहे असं मला वाटत नाही. फक्त चहा पिताना कुणी सांगितलेली गोष्ट साडी दाखवताना काढत नाही, आणि रंग कच्चा असला तर पदर खांद्यावर टाकण्याआधीच सांगतो. शेठ म्हणतो, तुझं वय झालं. टिंगल करायला मात्र आता कुणी उरलं नाही. मिशी पिकली, तरी तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

दिवाळीचा माल उघडला की एक सुती साडी मला सगळ्यांत आधी दिसते. बारीक काठाची, बाईंना शोभेल अशी. ती मी मागच्या फळीवर ठेवतो. कुणाची तरी नजर तिच्यावर जातेच, आणि तीच दाखवा म्हणून हट्ट होतो. मग मी चेहरा पाडतो, हात जोडतो आणि सांगतो, मॅडम, ती एका बाईंनी पसंत करून ठेवली आहे, न्यायला येतीलच.