टाकीवरची लाख

आमच्या ह्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: स्वतःच्या नाकावर, आणि लाकडावर ठसा मारायच्या हातोड्यावर. पन्नासच्या दशकात आम्ही अहेरीला होतो. हे जंगलातलं सागवान आणि लाख घेण्याचा धंदा करायचे. तोडलेल्या ओंडक्याच्या बुडावर आमचं अक्षर ठोकलं की तो ओंडका आपला. ज्यावर ठसा नाही, ते लाकूड कुणीतरी पळवणारच, असं त्यांचं ठाम मत. मी ब्रह्मपुरीहून लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्षभर हे स्वयंपाकघरात येऊन तुपाचं भांडं हलवून बघायचे. एकदा मी भांडंच त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "घ्या, यावरही मारा ठसा." तेव्हापासून ते बंद झालं.

मग घरात जुनी मोटार आली आणि संशयाला नवं कुरण मिळालं. ड्रायव्हर चांद्याचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा, मुसलमान, चाळिशीतला, पूर्वी लष्करात गाडी चालवलेला. पेट्रोल चांद्याहून डब्यांतून यायचं आणि बघता बघता संपायचं. तो म्हणायचा, "शेठ, नाल्यातल्या रेतीत गाडी पहिल्या गिअरवर चालते. पेट्रोल खातेच ते." ह्यांना पटायचं नाही. हा पेट्रोल बाजारात विकतो, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

दिवाळीनंतर एके सकाळी ह्यांनी माझ्या चुलीवर लाख वितळवली, पळीने अंगणात नेली आणि टाकीच्या टोपणावर चांगली जाड ओतली. वर हातोड्याचा ठसा दाबला. आता टोपण उघडायचं तर लाख फुटणार, आणि ती फक्त हेच फोडणार, हेच पुन्हा लावणार.

ड्रायव्हर समोरच उभा होता. म्हणाला, "बरं केलं शेठ. आता माझ्यावर बोल नाई येनार."

मला ते बोलणं खटकलं. चोर असं बोलेल का? की चोरच असं बोलेल? भाकऱ्या थापताना मी त्या बोलण्याचाच विचार करत राहिले.

तेव्हापासून गाडी चढावर दम सोडू लागली. सपाटीवर बरी चालायची. चढ लागला की गचके द्यायची आणि बंद पडायची. थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू व्हायची. ड्रायव्हरने प्लग घासले, कार्बोरेटर उघडून फुंकला, तारा बदलल्या. गाडी तशीच. ह्यांच्या डोक्यात मात्र एकच, पेट्रोलमध्ये रॉकेल आहे.

मी माहेरी निघाले त्या दिवशी हेही बरोबर होते. ब्रह्मपुरीच्या वाटेवर अर्ध्या चढात गाडी थांबली. ड्रायव्हरने उतरून चाकांमागे दगड लावले.

"रॉकेल घातलं असशीन तू," हे म्हणाले.

"सील त तुमचंच हाय शेठ. कसा घालीन?"

"तेच त मले समजून नाई राह्यलं."

"मंग फोडा अन् वास घ्या. मी हात नाई लावत."

ह्यांनी दगडाने लाख फोडली. टोपण फिरवलं तशी टाकीने सुस्स करून हवा आत ओढली. वाकून वास घेतला. पेट्रोलचाच वास होता. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि ती उरलेला चढ एका दमात चढून गेली. आम्ही दोघं मागून धापा टाकत पोचलो.

मला तो सुस्स आवाज ओळखीचा वाटला. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडकत येतं. हवेसाठी दुसरं पाडावं लागतं. मी टोपण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मधोमध एक बारीक भोक होतं, लाखेने गच्च भरलेलं. मी टाचणीने ते मोकळं केलं आणि म्हटलं, "ही तुमची लाख. हवाच जाऊ देत नाही, तर पेट्रोल पुढे कसं येईल?"

"तुले गाडीतलं का समजते?" म्हणत ह्यांनी मुद्दाम त्या भोकावर ओली माती थापली आणि टोपण लावलं. पुढच्या चढावर गाडी पुन्हा मेली. माती काढली, गाडी चढली. मला हसू येत होतं, ते मी पदरात दाबलं.

"ठीक हाय. लाख नको आता," हे म्हणाले.

ड्रायव्हर गाडीत बसेना. "लाख लावा शेठ. भोक सोडून लावा."

"काऊन?"

"लाख नसली त उद्या पेट्रोल कमी पडल्यावर माझंच नाव. चांद्यात मले दुसरा कोन ठेवीन? नाई त बाईसमोर एकदा म्हणा, हा चोर नाई. मंग नको लाख."

हे गाडीचं दार उघडू लागले. मी हळूच म्हटलं, "बोला ना." एवढंच तर म्हणायचं होतं. पण ह्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "चाल, उशीर होऊन राह्यला."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मला ह्यांचा इतका राग आला की ब्रह्मपुरीपर्यंत मी ह्यांच्याकडे पाठ करून बसले. तिथे पोचल्यावर ड्रायव्हरने माझी ट्रंक ओसरीवर नेऊन ठेवली, किल्ली ह्यांच्या हातात दिली, मला "येतो बाई" म्हणाला आणि चांद्याला जाणाऱ्या प्रवासी मोटारीत जाऊन बसला.

नवा ड्रायव्हर ह्यांनी स्वतः पारखून आणला, ओळखीतला, आपल्या जातीचा. होळीपर्यंत पेट्रोल पहिल्याइतकंच लागलं, थेंबभरही कमी नाही.

"हाही चोरच निघाला," हे म्हणाले आणि लाखेचा तुकडा माझ्यापुढे धरला. "वितळव."

मी तांब्याभर पाणी घेतलं आणि पेटत्या चुलीत ओतलं.