समाजमंदिरातला जॅझ

येडशीत स्टेशनच्या रस्त्याला एक निवृत्त गृहस्थ एकटेच राहायला आले. महिनाभरातच ते दारोदार फिरून सांगू लागले, "रविवारी दुपारी समाजमंदिरात जॅझ संगीताचा कार्यक्रम आहे. नक्की या. चहा-भजी माझ्याकडून."

माझ्या जाऊबाई दार लावून घेत म्हणाल्या, "आधी भजी खाऊ घालतेत अन् मग प्लॉट गळ्यात मारतेत. जाऊ नको."

मलाही तसंच वाटत होतं. म्हणूनच गेले. माणूस नेमका काय विकतो ते बघायचं होतं. दाराजवळची जागा धरली. जाऊबाई माझ्या आधीच येऊन बसल्या होत्या.

गृहस्थांनी लांबट पेटी उघडली तशी पुढची माणसं जरा मागं सरकली. आतून पिवळाधमक सॅक्सोफोन निघाला. "मी एक धून वाजवतो," ते म्हणाले. "पुढं ज्याला जशी सुचेल तशी त्यानं ती न्यायची. यालाच जॅझ म्हणतात." मग आमच्या गल्लीतल्या गोंधळीकाकांकडं वळून म्हणाले, "काका, तुमच्या संबळाची साथ मिळंल का?"

"देवीचं वाद्य हाय ते," काका म्हणाले. "तुमचा हेतू काय, ते आधी सांगा."

"एकट्यानं वाजवून कंटाळलोय."

कुणाचाच विश्वास बसला न्हाय. काकांचाही न्हाय. तरी त्यांनी घरून संबळ आणवला, कमरेला बांधला आणि मुद्दाम लय चढवत नेली. गृहस्थांची दमछाक झाली, सूर फाटला. काका एकदम थांबले. आता हा उघडा पडणार, असं मला वाटलं. पण गृहस्थ हसले, दम घेतला आणि तीच धून एकटेच हळू वाजवत राहिले. काका मान खाली घालून ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांनी संबळावर अलगद टिपरू टेकवलं. मागच्या बायका टाळ्यांचा ठेका धरू लागल्या. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याचाच मला राग आला.

चहाच्या वेळी मी सरळ विचारलं, "तुम्हाला विकायचंय तरी काय?"

ते गोंधळले. "काहीच न्हाय हो. भजी उरलीत तेवढी न्या."

मी नेली. घरी पोरांना देण्याआधी वास घेऊन बघितला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी पुन्हा गेलो, तर काका आधीच आले होते आणि गृहस्थांना संबळाचं टिपरू कसं धरायचं ते दाखवत होते.