मधोमध अकरा रेघा

घराच्या मागच्या खोलीतल्या, लोखंड कापायच्या मिलिंग मशीनला दोन हँडल होती आणि ती फिरवायला दोन भाऊ. तुकडा बसवलेलं टेबल डावी-उजवीकडे सरकवायचं ते थोरल्याचं, पुढेमागे सरकवायचं ते धाकट्याचं. सरळ काप एकटा माणूसही घेतो. पण पॅकिंग मशीनचे कॅम, म्हणजे वाकड्या कडेच्या लोखंडी चकत्या, कापताना दोन्ही हँडल मोजून फिरवावी लागत. थोरला तक्त्यात बघून म्हणायचा, "सात." धाकटा हँडलवरच्या तेवढ्या रेघा फिरवून म्हणायचा, "झालं." सहा वर्षं दोघांचं बोलणं एवढंच होतं.

बाकी सगळा अबोला. सहा वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती. थोरला कामासाठी बाहेरगावी गेला आणि इकडे धाकट्याने तिला घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी ती गेली. थोरला परतला तो चपला न काढताच म्हणाला, "तू मारलंस तिला." धाकट्याला राग आला नाही, रडूही आलं नाही. दाढेला भूल द्यावी तसं त्याचं झालं, आणि ती भूल काही उतरलीच नाही.

कामाचं काही सांगायचंच झालं तर थोरला मशीनला सांगायचा. "मशीनराव, तेल संपलंय." की धाकटा निमूट उठून तेल आणायचा. वहिनी म्हणायची, "मशीनरावांच्या जागी मी असते ना, तर केव्हाच राजीनामा दिला असता."

एका सकाळी थोरल्याने खोकी उघडली. दोन मोटारी, वायरींचा गुंता, एक जुना कॉम्प्युटर. दोन्ही हँडल काढून त्याने तिथे मोटारी बसवायला घेतल्या. धाकट्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. आता कॉम्प्युटरच मोजणार, म्हणजे "झालं" म्हणायलाही आपल्याला कोणी बोलावणार नाही, हे धाकट्याला कळत होतं. तेवढंही गेलं की भाऊ गेलाच. तरी त्याला काही वाटलं नाही. थोरला बोल्ट आवळत होता तेव्हा त्याने मोटार धरून ठेवली.

चाचणीला पहिला गोल कापला, त्याच्या कडेवर पायरी आली. टेबल सरकवणारे स्क्रू जुनेच ठेवले होते. उलट फिरवलं की पहिल्या काही रेघा फुकट जायच्या, टेबल जागचं हलायचं नाही. थोरल्याने टेबल टोकाला नेऊन मोजलं, चार रेघा भरल्या. तेवढ्या जादा फिरवायला तो आकडा कॉम्प्युटरला दिला. दुसऱ्या गोलालाही पायरी. तिसऱ्यालाही.

"मशीनराव, कुठे अडलंय तुमचं?"

धाकट्याला ठाऊक होतं. सगळं काम मधोमधच व्हायचं, म्हणून तिथे स्क्रू जास्त झिजलेला, तिथे चार नाही, अकरा रेघा जायच्या. इतकी वर्षं त्याचा हात त्या न सांगता भरून काढायचा. गप्प बसला असता तर थोरल्याने कंटाळून हँडल परत लावलीही असती.

"दादा, मधे अकरा आहेत," तो म्हणाला.

सहा वर्षांत 'दादा' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. थोरल्याने वळून पाहिलं नाही. त्याने अकरा टाकले, नवा तुकडा व्हाइसच्या पकडीत आवळला, बटण दाबलं.

मोटारी गुणगुणू लागल्या. दोघं नुसते उभे. मशीन चालू आणि हात रिकामे, असं त्यांचं कधी झालंच नव्हतं. म्हणायला आकडाही नव्हता.

"आई काय म्हणाली होती?" थोरल्याने विचारलं. मशीनला नाही.

"घरी ने म्हणाली. मी म्हटलं, दादाला फोन करतो. तर नको म्हणाली. 'तो रडेल. तो रडला की माझा पाय निघणार नाही.'"

बोलता बोलता धाकट्याच्या छातीत दुखलं. इतक्या वर्षांनी काहीतरी दुखत होतं, आणि ते मुळीच बरं वाटत नव्हतं.

गोल पुरा झाला, मोटारी थांबल्या. कड एकसारखी आली होती. थोरल्याने तुकडा काढायला व्हाइसचा दांडा धरला आणि जोर लावला. सुटेना. पुन्हा लावला, बोटं पांढरी पडेपर्यंत. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस दांडा भलत्याच बाजूला फिरवत होता.

"दादा," धाकटा म्हणाला, "आवळतोयस तू."